ऐन भरातले हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन समोरासमोर आले तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ऐन भरातला" म्हणजे नेमका कधीचा?

वर्ष नव्हे, शक्यतो तारीख सांगा. या वादांतली निम्मी भांडणं इथेच मिटतात. "प्राइम टायसन" म्हटलं की एकाच्या डोळ्यांसमोर नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये लोळवणारा वीस वर्षांचा पोरगा असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर १९९१ चा टायसन. या दोघांमध्ये डोक्याच्या हालचालीपासून प्रशिक्षकापर्यंत सगळंच वेगळं आहे.

सर्वसाधारणपणे मान्य होतील अशा तारखा अशा. टायसन: २७ जून १९८८, अटलांटिक सिटी, मायकेल स्पिंक्सविरुद्ध ९१ सेकंद. फोरमन: २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, दोन राउंडमध्ये फ्रेझर सहा वेळा खाली. फ्रेझर: ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अलीविरुद्ध. जो लुइस: २२ जून १९३८, श्मेलिंगविरुद्ध १२४ सेकंद. लिस्टन: २५ सप्टेंबर १९६२, पॅटरसन पहिल्याच राउंडमध्ये बाद. होम्ससाठी १९७८ ते १९८२, लेनॉक्स लुइससाठी १९९७ ते २०००, व्लादिमिर क्लिचकोसाठी २००६ ते २०१४ असा पट्टा धरावा लागतो, कारण त्यांची एकच एक रात्र निवडणं अवघड आहे.

अलीसाठी १४ नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सची लढत सांगितली जाते. दिसायला ती डोळे दिपवणारी आहे, पण पुरावा म्हणून कच्ची. विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती आणि तो पूर्वीचा विल्यम्स उरला नव्हता. त्यापेक्षा २२ मार्च १९६७ ची झोरा फॉलीविरुद्धची लढत घ्या. सुरुवातीला अंदाज घेणं, मग अंतर कमी करणं, सातव्यात उजव्या हाताने संपवणं, असं सगळं तिच्यात सापडतं.

अली १९६६ चा की १९७४ चा? दोन्ही एकत्र का नाही चालत?

कारण तसा माणूस कधी अस्तित्वात नव्हता. सगळ्यांत जास्त भेसळ याच नावात होते. लोक १९६६ चे पाय घेतात, १९७४ मध्ये किन्शासात फोरमनचे ठोसे झेलणारी छाती घेतात, १९७५ च्या मनिलातल्या फ्रेझर-लढतीतली जिद्द घेतात आणि हा तिघांचा मिळून बनवलेला अली रिंगमध्ये उतरवतात. साहजिकच तो कुणालाही हरवतो.

१९६७ ते १९७० ही साडेतीन वर्षं अलीला लढू दिलं गेलं नाही. परतल्यावर पाय मंदावले होते, म्हणून तो दोरांवर टेकून लढायला शिकला, मार पचवायला शिकला, कवेत घेऊन मान दाबायला शिकला. म्हणजे नंतरच्या अलीचे गुण आधीच्या अलीच्या उणिवेतून जन्मले. एक निवडायचा, मग त्याच्या त्रुटीही घ्यायच्या. १९६६ चा अली निवडलात तर जोरदार मार खाऊन तो किती टिकतो याचा पुरावा तुमच्याकडे थोडाच आहे: १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) तो पडला आणि राउंडची घंटा झाली, एवढं मुख्यतः हाताशी येतं.

फोरमनचंही तेच. १९७३ चा सुमारे ९९ किलोचा मारकुटा आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये पाडणारा ११३ किलोचा शांत म्हातारा हे दोन वेगळे बॉक्सर समजा. पहिल्याचा दम सहाव्या राउंडनंतर संपतो. दुसरा दहाव्यापर्यंत श्वास राखून असतो, पण त्याला गाठणं सोपं आहे.

राउंड किती धरायचे? १२ की १५?

लढत ठरवतानाच बोला, नाहीतर निकाल मुकाट्याने बदलतो. याला दोन प्रत्यक्ष उदाहरणं आहेत आणि दोन्ही मोठ्या नावांची आहेत.

१८ जून १९४१ ला बिली कॉन बाराव्या राउंडअखेर जो लुइसच्या पुढे होता: दोन गुणपत्रिकांवर आघाडी, तिसरीवर बरोबरी. तेराव्यात त्याने मारामारीला मारामारीने उत्तर द्यायचं ठरवलं आणि त्याच राउंडमध्ये बाद झाला. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकट तिन्ही पत्रिकांवर मार्सियानोच्या पुढे होता. तेराव्यात उजवा ठोसा बसला आणि वॉलकट दोरावर हात अडकून गुडघ्यांवर आला. आजच्या बारा राउंडच्या हिशेबाने त्या रात्री लुइसचा किताब जातो, आणि मार्सियानो चॅम्पियन होतच नाही, शिवाय त्याचा ४९-० चा विक्रमही उरत नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीशी लढून कोरियाचा डुक-कू किम दगावला, त्यानंतर डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या संघटनेने १९८३ पासून बारा राउंड केले. बाकीच्या संघटना काही वर्षांनी त्याच वाटेने गेल्या. तेव्हा टायसन, लेनॉक्स, क्लिचको यांनी बारा राउंडच्या बेताने दम वाटून घेतला होता आणि लुइस, मार्सियानो, अली यांनी पंधराच्या. पंधरा राउंडची लढत ठरली की जुन्यांना थोडा फायदा, बाराची ठरली की नव्यांना. आमचं मत विचाराल तर पंधरा ठेवा. उशिरा काय होतं हेच तर बघायचं असतं.

आणखी कोणते नियम आधी ठरवावेत?

ग्लोव्हज: आज हेवीवेटमध्ये १० औंस, पूर्वी ८ औंस किंवा त्याहून हलके. हलक्या ग्लोव्हजने एकाच ठोशात संपण्याची शक्यता वाढते आणि हातांच्या मागे चेहरा लपवणं कठीण होतं.

एका राउंडमध्ये तीनदा पडल्यास लढत थांबवायची का? किंग्स्टनमध्ये फ्रेझर पहिल्याच राउंडमध्ये तीनदा पडला होता आणि लढत चालू राहिली. हा नियम लावला तर फोरमनच्या कुठल्याही काल्पनिक लढतीत त्याचे आकडे वाढतात.

रिंग केवढी, हेही ठरवा. १८ फुटी रिंग टायसन आणि फ्रेझरला हवी, २२ फुटी अली आणि उसिकला.

आणि रेफरी. याकडे कुणी लक्ष देत नाही, पण हेवीवेटमध्ये कवळा मारणं, म्हणजे समोरच्याला मिठीत धरून ठेवणं, हे अर्धं हत्यार आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत क्लिचकोने पोव्हेटकिनच्या मानेवर वजन टाकत, त्याला वाकवत बारा राउंड काढले. कडक रेफरी असता तर बरेच गुण गेले असते. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने टायसनला बारा राउंड जवळपास मिठीतच ठेवलं, त्याचे गुण कापले गेले, पण तो उभा राहिला. फोरमन दोन्ही तळहातांनी समोरच्याला ढकलून हव्या त्या अंतरावर ठेवायचा. ते चालू द्यायचं की नाही, आधी सांगा.

लढतीचा अंदाज प्रत्यक्षात बांधायचा कसा?

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा: दोघांपैकी कुणाचा जॅब पोहोचतो आणि दुसरा त्याला काय उत्तर देतो? इथे उंचीपेक्षा हातांचा पल्ला महत्त्वाचा. लिस्टन जेमतेम सहा फुटांच्या वर होता, पण पल्ला ८४ इंच, म्हणजे साडेसहा फुटांच्या जवळ असलेल्या लेनॉक्स लुइसएवढाच. होम्सचा ८१, अली आणि उसिकचा ७८, टायसनचा ७१, मार्सियानोचा ६८ च्या आसपास.

मग पाय. अंतर कोण ठरवणार? पुढे येणारा सरळ रेषेत येतो की कोन कापत? फ्रेझर आणि टायसन दोघेही आत घुसणारे, पण फ्रेझर डोलत समोरूनच यायचा, तर १९८८ चा टायसन ठोसा चुकवून बाजूला सरकायचा आणि तिथून मारायचा. हा फरक फोरमनसमोर जीवनमरणाचा आहे.

त्यानंतर जखमेची जागा शोधा. प्रत्येकाला कोणत्या ठोशाने त्रास झाला, हे त्याच्या पराभवांत आणि वाईट रात्रींत लिहिलेलं असतं. अलीला डावा हुक, कारण तो डावा हात खाली ठेवून सरळ मागे झुकायचा: १९६२ मध्ये सनी बँक्स, १९६३ मध्ये कूपर, १९७१ मध्ये पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझर. लेनॉक्सला उजवा ठोसा: १९९४ मध्ये मॅककॉल, एप्रिल २००१ मध्ये रहमान. जो लुइस जॅब मारून डावा हात खाली आणायचा, ते श्मेलिंगने १९३६ मध्ये हेरलं आणि बाराव्या राउंडमध्ये त्याला बाद केलं. आता विचारा: समोरच्याकडे तो ठोसा आहे का, आणि तो मारायच्या अंतरावर तो पोहोचेल का?

शेवटी लढतीचे तुकडे पाडा: १ ते ४, ५ ते ९, १० नंतर. प्रत्येक तुकड्यात कोण वरचढ आणि का, एकेका वाक्यात. निकाल "हाच जिंकेल" असा देऊ नका; "शंभर वेळा लढले तर अमुक इतक्या वेळा" असा द्या. शंभरपैकी शंभर देणाऱ्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये.

अली (१९६७) विरुद्ध टायसन (१९८८): तुमचं उत्तर काय?

पंधरा राउंड, २० फुटी रिंग, मध्यम कडक रेफरी.

पहिले चार राउंड टायसनचे, निदान धोका तरी त्याचाच. त्याचं वजन सुमारे ९९ किलो, अलीचं ९६ च्या आसपास. म्हणजे उंचीत पाच इंचांचा फरक असला तरी ताकदीत टायसन कमी नाही. तो अलीच्या जॅबखालून आत येणार, बरगडीवर उजवा आणि त्याच हाताने खालून वर जाणारा अपरकट ही त्याची ठरलेली जोडी टाकणार. अली मागे झुकतो, आणि त्या झुकण्याच्या टोकाला टायसनचा डावा हुक येतो. कूपरचं वजन सुमारे ८४ किलो होतं. टायसनचा तोच ठोसा बसला तर अली उठेलच असं कुणी सांगू नये.

पण टायसनला त्रास कुणी दिला तेही बघा. ऑगस्ट १९८७ मध्ये टोनी टकरने पहिल्याच राउंडमध्ये अपरकटने त्याला हलवलं आणि मग बारा राउंड तग धरला. टिलिस आणि मिच ग्रीनने १९८६ मध्ये दहा राउंड पूर्ण केले. उंच, जॅब असलेला, वेळेवर मिठी मारणारा माणूस टायसनसमोर टिकतो, असं दिसतं. टिकलेल्या माणसाविरुद्ध पाचव्यानंतर टायसन जोड्या टाकणं सोडून एकेक मोठा ठोसा शोधायला लागतो. पायांच्या बाबतीत टकर आणि टिलिसची अलीशी तुलनाच होत नाही, आणि मान दाबून कवळा मारण्यातही अली तरबेज होता.

आमचा हिशेब: शंभरपैकी ६० ते ६५ वेळा अली, बहुतेकदा दहाव्या राउंडनंतर रेफरीने थांबवून किंवा गुणांवर. टायसनच्या विजयांपैकी फार मोठा भाग पहिल्या पाच राउंडमधला. लढत बारा राउंडची केली तर अलीचे चारपाच कमी करा. टायसन ९० टक्के म्हणणाऱ्यांनी टकरची लढत पूर्ण पाहावी. अली ९० टक्के म्हणणाऱ्यांनी कूपरचा चौथा राउंड.

टोकियोत डग्लसने टायसनला हरवलं ते धरायचं की नाही?

अर्धं. ११ फेब्रुवारी १९९० ला टायसन २३ वर्षांचा होता, म्हणजे वयाने भरातच. पण प्रशिक्षक केव्हिन रूनी १९८८ च्या शेवटी दूर झाला होता, डोकं एकाच जागी राहू लागलं होतं, आणि कोपऱ्यात सुजलेल्या डोळ्यासाठी थंड धातूची पट्टीसुद्धा नव्हती. बर्फाचं पाणी भरलेल्या रबरी मोज्यावर काम भागवलं. म्हणून तो १९८८ चा टायसन नव्हे. मात्र त्या रात्री डग्लसने जे केलं, म्हणजे लांब जॅब, त्यामागून उजवा, आत आला की मिठी, ते १९८८ मध्येही कमीअधिक चाललं असतं. पराभव पुसून टाकू नका, त्यातली पद्धत पुरावा म्हणून ठेवा.

फोरमनने फ्रेझरला चिरडलं, फ्रेझरने अलीला हरवलं. मग फोरमन अलीपेक्षा वरचढ नाही का?

किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ ला अलीने फोरमनला हरवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. शैलींचा हिशेब बेरीज-वजाबाकीने लागत नाही. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला आणि तीनही लढतींत त्याला छळलं. त्याच नॉर्टनला फोरमनने मार्च १९७४ मध्ये काराकासला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं. फोरमनला वाकून आत येणारे आणि सरळ मागे जाणारे आवडायचे, कारण त्याचा अपरकट आणि रुंद हुक त्यांच्यासाठीच घडले होते. अलीसारखा मोठा, वर राहणारा, लगेच उलटा मारणारा माणूस त्याला नको असायचा. १९७७ मध्ये जिमी यंगनेही त्याला याच मार्गाने गुणांवर हरवलं.

एक तपशील नेहमी सुटतो: १९७१ च्या अली-लढतीत फ्रेझर सुमारे ९३ किलोचा होता, किंग्स्टनमध्ये ९७ चा. ऐन भरातला फ्रेझर फोरमनसमोर उतरलाच नव्हता. तरीही आम्ही फोरमनलाच ७५ देऊ.

ते प्रत्यक्ष लढले आहेत की! मग प्रश्न मिटला ना?

क्वचितच. मार्सियानोने २६ ऑक्टोबर १९५१ ला जो लुइसला आठव्या राउंडमध्ये बाद केलं, तेव्हा लुइस ३७ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परतलेला. होम्सने १९८० मध्ये ३८ वर्षांच्या अलीला दहा राउंड मारलं. मग १९८८ मध्ये टायसनने ३८ वर्षांच्या होम्सला चौथ्यात संपवलं. लेनॉक्स-टायसन झाली ती २००२ मध्ये. त्यांतल्या त्यात नोव्हेंबर १९९६ ची होलिफील्ड-टायसन उपयोगी आहे, कारण दोघेही उताराला लागले होते, आणि पुढे येणाऱ्या टायसनला कुणी मागे रेटलं तर काय होतं ते तिथे दिसतं.

आजचे बॉक्सर एवढे मोठे आहेत. जुन्यांना काही संधी आहे का?

मार्सियानो ८४-८५ किलोचा. आजच्या २०० पौंडांच्या रेषेने तो हेवीवेटच नाही, क्रूझरवेट ठरतो. लेनॉक्स लुइस ११२-११३ किलोचा, शिवाय जॅब आणि उजवा दोन्ही तंत्रशुद्ध. मार्सियानोला आत पोहोचायला चार ठोशांचं अंतर कापावं लागेल, आणि पोहोचल्यावर त्याच्यापेक्षा तब्बल १७-१८ सेंटिमीटरने उंच माणूस त्याच्या खांद्यांवर रेलणार. शंभरपैकी दहा, फार तर पंधरा. मार्सियानोचे चाहते रागावतील, पण ४९-० हा आकडा वजनकाट्यावर चढत नाही.

तरी आकार म्हणजे सगळं नव्हे. ४ जुलै १९१९ ला टोलेडोत सुमारे ८५ किलोच्या डेम्प्सीने १११ किलोच्या विलर्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं. जो लुइसने कार्नेरा आणि बडी बेअर असे राक्षस लोळवले. मे २०२४ मध्ये रियाधला उसिकने आपल्यापेक्षा सुमारे १७ किलो जड आणि सहा इंच उंच फ्युरीला हरवलं, डिसेंबरमध्ये पुन्हा. मोठा पण मंद असेल तर लहान आणि चपळ जिंकू शकतो. मोठा, चपळ आणि शिकवलेला असेल, तर मात्र १०० किलोच्या खालच्या माणसाकडे असामान्य पाय किंवा एका ठोशात संपवणारा हात हवाच. या कसोटीला अली, जो लुइस आणि लिस्टन उतरतात. फ्रेझर कडेवर आहे.

जुनी चित्रफीत पाहून काय कळतं?

बरंच, पण वेग कळत नाही. मूकपटांच्या काळातली रिळं सेकंदाला कमी चित्रांनी घेतलेली आणि नंतर २४ ने दाखवलेली असतात, म्हणून डेम्प्सी विजेसारखा आणि खेळण्यासारखा, दोन्ही वाटतो. वेग दुरुस्त केलेली प्रत शोधा. शिवाय डेम्प्सीच्या काळात पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून, तो उठताच मारता यायचं. समोरच्याला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जाण्याची सक्ती १९२७ च्या शिकागोतल्या टनी-लढतीत त्याला भोवली.

आणि तुकडे जोडलेले "बेस्ट नॉकआउट" व्हिडिओ बंद करा. कुणालाही अजिंक्य ठरवायला चार मिनिटांचा व्हिडिओ पुरतो.

ठोसे मोजणारे आकडे वापरावेत का?

वापरा, पण जपून. कॉम्प्युबॉक्स १९८५ पासूनचं. रिंगजवळ दोन माणसं, प्रत्येकाचं लक्ष एकाच बॉक्सरवर, आणि ठोसा दिसला की कळ दाबायची. त्याआधीच्या लढतींचे आकडे नंतर चित्रफितीवरून काढलेले आहेत. लागलेला ठोसा किती जोराचा होता हे त्यात नसतं. किती ठोसे टाकले आणि सातव्या राउंडनंतर ते किती घटले, एवढ्यासाठी हे आकडे उत्तम.

हे सगळं संगणकावर सोडवता येत नाही का?

एकदा झालंय. १९६७ मध्ये मरे वोरोनरने एनसीआर-३१५ संगणकाच्या आधाराने रेडिओवर चॅम्पियनांची स्पर्धा घेतली आणि अंतिम फेरीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवलं. या स्पर्धेत आपल्याला जुन्या काळच्या जेफ्रिजकडून हरवलं म्हणून अलीने दहा लाख डॉलरचा दावा लावला. त्यातून १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. एकेका मिनिटाचे राउंड, वेगवेगळे शेवट, मार्सियानोच्या डोक्यावर केसांचा टोप. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलं तेव्हा तेराव्या राउंडमध्ये मार्सियानो जिंकला. युरोपात अली जिंकतो असा शेवटही दाखवला गेला. मार्सियानो तोवर विमान अपघातात गेला होता.

आजच्या व्हिडिओ गेममध्येही तेच होतं. "हनुवटी ९२, ताकद ९७" हे आकडे कुणीतरी आधी बसवलेले असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणत्या जोड्या घ्याव्यात?

अली-टायसन सोडून काहीही. होम्स (१९८०) विरुद्ध लेनॉक्स (१९९९): दोन उत्तम जॅब, पण होम्सला सप्टेंबर १९७९ मध्ये शेव्हर्सच्या उजव्याने पाडलं होतं आणि लेनॉक्सचं मुख्य हत्यार तेच. लिस्टन (१९६२) विरुद्ध फोरमन (१९७३): लिस्टनचा जॅब सरळ आणि जड, फोरमनची माया रुंद ठोशांवर, आम्ही लिस्टनला ५५ देतो आणि दर वेळी शिव्या खातो. जो लुइस (१९३८) विरुद्ध टायसन (१९८८): सहा मिनिटांच्या आत कुणीतरी पडणार, प्रश्न फक्त कोण. लुइसचे ठोसे आखूड आणि पहिले पोहोचणारे, पण तो सुरुवातीला पडत आलेला आहे. ब्रॅडॉक आणि गॅलेंटो दोघांनीही त्याला पाडलं होतं.